स्वस्त टॅबलेटवर स्मार्ट घर: सांगली-साताऱ्याच्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घराच्या दिवाणखान्यात गेली चार वर्षे एक आठ इंची टॅबलेट भिंतीवर बसवलेला आहे. त्यावरून दिवे, पंखा, गीझर आणि फाटकावरचा कॅमेरा चालतो. तो पाहून आधी नातेवाइकांनी आणि पुढे सातारा, कराड, वाई, तासगाव येथील ओळखीच्या मंडळींनी प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा येऊ लागल्याने ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील बाब दुसऱ्या ठिकाणी सविस्तर आली असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सेटिंग्जमधील नावे मॉडेलनुसार थोडी वेगळी दिसू शकतात.

१. मोबाइलवरून सगळे चालत असताना वेगळा टॅबलेट कशासाठी हवा?

स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे राउटरला जोडलेले असतात आणि त्यांची वेळापत्रके बहुतेक वेळा संबंधित कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली असतात. टॅबलेट या व्यवस्थेत केवळ बटणांच्या बोर्डाचे काम करतो, त्यामुळे तो बंद पडला तरी घर अडत नाही. मात्र मोबाइल त्याच्या मालकाबरोबर कचेरीत किंवा शेतात जातो, आणि घरात उरलेल्या आई, सासूबाई किंवा शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती काहीच राहत नाही. सर्वांचा मिळून एक आणि नेहमी एकाच जागी सापडणारा बोर्ड असावा, हे टॅबलेट लावण्याचे खरे कारण आहे. घरात एकटेच राहणाऱ्या आणि मोबाइल सतत जवळ बाळगणाऱ्या व्यक्तीला याची गरज नाही, असे मी स्पष्टपणे सांगतो.

२. दहा हजारांच्या आसपासचा टॅबलेट घेताना नेमके काय तपासावे?

सर्वप्रथम रॅम पाहावी. दोन जीबीच्या टॅबलेटवर एखादे ॲप चालते, पण गूगल होम (घरातील उपकरणे चालवणारे गूगलचे ॲप), कॅमेऱ्याचे ॲप आणि ब्राउझर एका वेळी उघडे ठेवल्यास तो अडखळू लागतो. तीन जीबीवर काम भागते आणि चार जीबी असल्यास काळजी उरत नाही. कमी रॅमच्या अनेक टॅबलेटवर अँड्रॉइडची 'गो' आवृत्ती असते. अँड्रॉइड १० पासून पुढच्या गो आवृत्तीत एका ॲपला दुसऱ्या ॲपवर स्वतःची खिडकी दाखवण्याची परवानगी देता येत नाही, त्यामुळे प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या काही सोयी तेथे चालत नाहीत. ही गोष्ट खोक्यावर ठळकपणे लिहिलेली नसते, म्हणून दुकानातच 'अबाउट टॅबलेट' उघडून पाहावे.

दुसरी तपासणी प्ले स्टोअरमध्ये करावी. तेथील सेटिंग्जमध्ये 'अबाउट' खाली हे उपकरण प्ले प्रोटेक्ट प्रमाणित आहे की नाही, ते लिहिलेले असते. अनोळखी नावाच्या अतिस्वस्त टॅबलेटवर ते प्रमाणित नसल्याचे दिसल्यास तो घेऊ नये, कारण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काय भरले आहे हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

जुना टॅबलेट घरात पडून असेल, तर विकत घेण्याआधी तो वापरून पाहावा. पडदा कोरा राहतो किंवा बटणे उमटत नाहीत, अशी तक्रार जुन्या टॅबलेटवर पुष्कळदा येते, आणि तिचे कारण बहुधा 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' हा ॲपच्या आत वेबपान दाखवणारा घटक जुना राहिलेला असणे हे असते. प्ले स्टोअरमधून तो अद्ययावत केल्यावर टॅबलेट पुन्हा कामाचा झाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत.

३. मुलाने अमेरिकेहून ॲमेझॉनचा फायर टॅबलेट आणला आहे. त्यावर प्ले स्टोअरच नाही. आता काय करावे?

फायर टॅबलेटवरील फायर ओएस अँड्रॉइडवरच आधारलेली आहे, पण तिच्यात गूगलच्या सेवा नसतात. घरात अलेक्सावर, म्हणजे ॲमेझॉनच्या आवाजी साहाय्यकावर, चालणारी उपकरणे असतील, तर काहीही न बदलता तो उत्तम चालतो, कारण अलेक्सा त्यात मुळातच असते आणि टॅबलेट उभा ठेवून पडद्यावर माहिती दाखवण्याची सोयही अनेक मॉडेलमध्ये असते.

गूगलची ॲप हवीच असल्यास गूगल अकाउंट मॅनेजर, गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क, गूगल प्ले सर्व्हिसेस आणि गूगल प्ले स्टोअर या चार फायली याच क्रमाने बसवाव्या लागतात आणि त्यानंतर टॅबलेट एकदा बंद करून सुरू करावा लागतो. फायलींची आवृत्ती आपल्या फायर ओएसशी जुळली पाहिजे: फायर ओएस ७ अँड्रॉइड ९ वर आणि फायर ओएस ८ अँड्रॉइड ११ वर आधारलेली आहे. असे केल्यावरही ॲमेझॉनच्या पुढील अद्यतनानंतर काही बिघडू शकते आणि 'हे गूगल' हा पुकारा त्यावर भरवशाने चालत नाही. भेट म्हणून आलेला असेल तर तो जरूर वापरावा; मात्र या कामासाठी मुद्दाम परदेशातून मागवू नये.

४. गूगल होम, अलेक्सा, स्मार्ट लाइफ, शिवाय प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप. यांपैकी ठेवायचे कोणते?

बहुतेक उपकरणे पहिल्यांदा त्यांच्या कंपनीच्या किंवा तिने वापरलेल्या स्मार्ट लाइफसारख्या ॲपवरच नोंदवावी लागतात, आणि हे काम आपल्या मोबाइलवर करावे. त्यानंतर ते कंपनीचे खाते गूगल होम किंवा अलेक्सा यांपैकी एकाला जोडावे आणि टॅबलेटवर तेवढे एकच ॲप दर्शनी ठेवावे. दोन्ही एकदम ठेवल्यास एकाच दिव्याला दोन ठिकाणी दोन नावे पडतात आणि घरातील माणसे गोंधळतात.

नवीन खरेदी करताना 'मॅटर' हे चिन्ह असलेली उपकरणे पाहावीत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या या मानकामुळे एकच उपकरण निरनिराळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये थेट जोडता येते. जुनी उपकरणे त्यासाठी टाकून देण्याचे कारण नाही.

५. बल्ब जोडताना 'उपकरण सापडले नाही' असेच येत राहते. टॅबलेट खराब आहे का?

बहुधा नाही. बाजारातील बहुतेक वायफाय बल्ब आणि प्लग केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि टॅबलेट मात्र त्याच राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडलेला असतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, जोडणीपुरता टॅबलेट किंवा मोबाइल २.४ वर आणावा, आणि ब्लूटूथ व लोकेशन सुरू ठेवावे. जोडणी झाल्यावर टॅबलेट पुन्हा ५ वर नेला तरी चालतो. बाहेरच्या लोखंडी दारापलीकडील किंवा गच्चीवरील बल्बची जोडणी वारंवार तुटत असेल, तर दोष अंतराचा आणि मधल्या भिंतींचा असतो. वाई-साताऱ्याकडील जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून वायफाय फारसे पुढे जात नाही.

६. आमच्या आईला इंग्रजी येत नाही. मराठीत बोलून दिवे लागतील का?

गूगल असिस्टंटमध्ये २०१८ पासून मराठी आहे, आणि २०२४ च्या जूनमध्ये भारतात आलेल्या जेमिनी ॲपच्या नऊ भारतीय भाषांतही मराठीचा समावेश होता. अलेक्सा मात्र भारतात इंग्रजी आणि हिंदी समजते, मराठी नव्हे. भाषा मराठी ठेवली तरी घरातील उपकरणांच्या सर्व आज्ञा मराठीत नीट समजतीलच, असे गृहीत धरू नये. गूगलने २०२५ च्या मार्चमध्ये असिस्टंटच्या जागी जेमिनी आणण्याचे जाहीर केले असल्यामुळे आज चालणारी एखादी आज्ञा पुढे वेगळ्या प्रकारे द्यावी लागणे शक्य आहे.

माझा अनुभव असा, की भाषेपेक्षा नावांची निवड अधिक महत्त्वाची ठरते. उपकरणांना घरात रोज तोंडात असलेली, छोटी आणि एकमेकांशी न जुळणारी नावे द्यावीत: देवघर, ओटा, माजघर, अंगण. 'किचन लाइट' आणि 'किचन लाइट टू' अशी नावे ठेवल्यास कोणत्याही भाषेत चूक होते. ठरावीक वाक्य म्हटले की ठरावीक कामे व्हावीत, अशी सोय 'रूटीन' या नावाने असते. तिच्यात आईच्या तोंडचे वाक्य घालून पाहावे आणि ते ओळखले जाईपर्यंत शब्द थोडे बदलत राहावे. आई शब्द बदलणार नाही; ॲपला तिच्या शब्दांची सवय लावणे हे आपले काम आहे. आणि हे साधले नाही, तर प्रश्न १५ मधील मोठी बटणे अधिक भरवशाची आहेत.

७. जवळ जाऊन बोलले तर टॅबलेट ऐकतो, पण सोफ्यावरून हाक मारली तर ऐकत नाही. असे का होते?

स्मार्ट स्पीकरमध्ये लांबचा आवाज पकडण्यासाठी अनेक मायक्रोफोनची खास मांडणी असते. स्वस्त टॅबलेटचा मायक्रोफोन हातात धरून बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे पंखा किंवा मिक्सर सुरू असताना तो दहा फुटांवरचा आवाज वेगळा काढू शकत नाही. शिवाय पडदा बंद असताना हाक ऐकण्याची क्षमता प्रत्येक टॅबलेटमध्ये नसते, आणि अलेक्साचे अँड्रॉइड ॲप हाकेला उत्तर देण्यासाठी उघडे असावे लागते. आवाजावरच घर चालवायचे असल्यास एक लहान स्मार्ट स्पीकर घ्यावा आणि टॅबलेट स्पर्शासाठी ठेवावा. ही जोडी एकट्या महागड्या टॅबलेटपेक्षा चांगली चालते.

८. पडदा सारखा बंद होतो किंवा मुले यूट्यूब उघडून बसतात. एकच पान कायम दिसत राहील असे करता येते का?

येते. साधा मार्ग असा: 'अबाउट टॅबलेट'मधील बिल्ड नंबरवर सात वेळा स्पर्श केल्यावर 'डेव्हलपर ऑप्शन्स' खुले होतात, आणि त्यातील 'स्टे अवेक' सुरू केल्यास चार्जिंग सुरू असेपर्यंत पडदा बंद होत नाही. एकाच ॲपला खिळवून ठेवण्यासाठी अँड्रॉइडमध्येच 'ॲप पिनिंग' असते.

याहून नीट व्यवस्था हवी असल्यास 'फुली किऑस्क ब्राउझर' हे ॲप घ्यावे. समोरच्या कॅमेऱ्याने हालचाल टिपून पडदा उजळणे, रात्री तो बंद ठेवणे आणि बाहेर पडण्यासाठी पिन मागणे ही कामे ते करते, मात्र त्यातील बऱ्याच सोयींसाठी एकदा पैसे भरावे लागतात. 'वॉलपॅनल' हे मुक्त स्रोत ॲप फुकट आहे आणि साध्या गरजेला पुरते. कॅमेऱ्याने हालचाल टिपण्याची सोय अंधाऱ्या खोलीत चालत नाही आणि बॅटरी अधिक खाते, हे लक्षात ठेवावे. त्याचबरोबर अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंग्जमध्ये जाऊन या ॲपवरील निर्बंध काढावेत, अन्यथा काही तासांनी ते आपोआप बंद पडते.

९. टॅबलेट चोवीस तास चार्जरला लावून ठेवला तर चालेल का?

चालेल असे वाटते, पण चालत नाही. आणि या एका प्रश्नाकडे सर्वांनी अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लिथियम बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली, की तिच्यातील रसायनांचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि ती फुगते. लिथियम बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा चाळिशीला पोहोचतो, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटलेल्या टॅबलेटच्या आत तो त्याहूनही वर जातो.

माझा पहिला टॅबलेट असाच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या पडद्याची एक कड उचलली गेली होती. दुरुस्तीला नेला, तेव्हा दुकानदाराने कड दाबून चिकटपट्टी लावून दिली आणि मी तो पुन्हा भिंतीवर लावला. फुगलेली बॅटरी दाबणे किती धोक्याचे आहे हे मला नंतर वाचनातून समजले आणि त्या दिवसापासून मी हा विषय हलका मानलेला नाही.

उपाय तीन आहेत. सॅमसंगच्या अनेक टॅबलेटमध्ये बॅटरी संरक्षणाची सेटिंग असते, ती मॉडेलनुसार ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवते. इतर काही कंपन्याही अशी सोय देतात. ती नसल्यास चार्जर एका स्मार्ट प्लगवर लावून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास इतकेच चार्जिंग ठरवावे आणि आठवडाभर टक्केवारी पाहून वेळ कमी-जास्त करावी. प्रश्न १६ मधील होम असिस्टंट वापरत असाल, तर टॅबलेटची बॅटरी तीस टक्क्यांवर आली की प्लग सुरू आणि पंचाहत्तरवर गेली की बंद, असा नियम लिहिता येतो. तिन्ही प्रकारांत महिन्यातून एकदा टॅबलेट भिंतीवरून काढून त्याची पाठ सपाट आहे का, हे हाताने पाहावे.

बॅटरी फुगलेली दिसल्यास चार्जर काढावा, टॅबलेट बंद करावा, तो दाबू किंवा टोचू नये, गादी-पडद्यांपासून दूर ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. तो घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबला जाताना बॅटरी पेट घेऊ शकते.

१०. भिंतीवर तो कुठे आणि कसा बसवावा?

दिवाणखान्यातून आत जाण्याच्या वाटेवर, घरातील सर्वांत बुटक्या प्रौढ व्यक्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवावा. दुपारचे ऊन पडणारी भिंत, गॅसजवळची जागा आणि न्हाणीघराला लागून असलेली ओल धरणारी भिंत टाळावी. पाटण किंवा महाबळेश्वरकडे पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे चार्जिंगच्या छिद्रात गंज धरतो, तेथे टॅबलेट भिंतीपासून बोटभर पुढे राहील असा स्टँड घ्यावा. तीन मीटरची बारीक स्वस्त केबल वापरल्यास विद्युतदाब घटून चार्जिंग रेंगाळते, म्हणून केबल लहान आणि जाड असावी. २३० व्होल्टची वायर आणि टॅबलेटची केबल एकाच पट्टीतून नेऊ नये, आणि भिंतीत नवा पॉइंट काढायचा असल्यास परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

११. वीज गेली की सगळे बंद पडते, आणि रात्री तीन वाजता आली की घरातले सगळे दिवे लागतात. यावर उपाय काय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दिवे आपोआप लागतात, कारण वीज परत आल्यावर सुरू व्हायचे अशीच अनेक स्मार्ट बल्बची मूळ सेटिंग असते, म्हणजे भिंतीवरच्या साध्या बटणाने चालू-बंद करणाऱ्या माणसाचीही सोय होते. उपकरणाच्या ॲपमध्ये वीज आल्यावर कोणत्या स्थितीत राहायचे, यासाठी सेटिंग असते. तेथे 'आधीची स्थिती' निवडावी. गीझर आणि इस्त्रीच्या प्लगसाठी मात्र 'बंद' हीच स्थिती ठेवावी.

दुसरा भाग राउटरचा. टॅबलेटला स्वतःची बॅटरी असते, पण राउटर बंद पडल्यावर ती निरुपयोगी ठरते. घरात इन्व्हर्टर असल्यास राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत दिवे-पंखे त्या लाइनवर असतात आणि टीव्हीजवळचा पॉइंट नसतो. इन्व्हर्टर नसल्यास राउटरसाठीचा लहान यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवावेत. वीज आल्यानंतर राउटर आणि सर्व उपकरणे पुन्हा जोडली जाण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात ॲपमध्ये 'ऑफलाइन' दिसले म्हणून उपकरण काढून पुन्हा जोडू नये. ही चूक फार जण करतात आणि त्यात सर्व वेळापत्रके पुसली जातात.

१२. आमच्या गावात ब्रॉडबँड नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालेल का?

हॉटस्पॉट देणारा मोबाइल घरातून निघाला की घर ऑफलाइन होते, त्यामुळे रोजच्या वापराला तो उपयोगी नाही. स्वतंत्र सिमकार्डचा ४जी किंवा ५जी राउटर घेऊन तो रेंज चांगली असलेल्या खिडकीजवळ कायम ठेवावा. बल्ब आणि प्लग यांना डेटा अगदी थोडा लागतो. डेटा संपवणारे उपकरण म्हणजे कॅमेरा.

राउटर बदलण्याची वेळ आल्यास नव्या राउटरला जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे द्यावे, म्हणजे प्रत्येक बल्ब नव्याने जोडत बसावे लागत नाही.

१३. गीझर स्मार्ट प्लगवर लावला तर चालतो का?

सोळा अँपिअरच्या, मोठ्या पिनच्या स्मार्ट प्लगवर चालतो. सहा किंवा दहा अँपिअरच्या प्लगवर लावू नये. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर आणि ३ किलोवॉटचा सुमारे १३ अँपिअर घेतो, आणि तो भार बराच वेळ सलग राहतो. सॉकेट जुने आणि सैल असेल, तर आधी ते बदलावे. वीस-पंचवीस मिनिटांनी प्लग आपोआप बंद व्हावा, असा टायमर अवश्य लावावा, मात्र तो थर्मोस्टॅटला पर्याय समजू नये.

१४. शेतावरची मोटार याच टॅबलेटवरून चालू करता येईल का?

स्मार्ट प्लगने नाही. पाच एचपीची थ्री-फेज मोटार स्टार्टरशिवाय चालवता येत नाही. तिच्यासाठी सिमकार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर बसवतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात रात्रपाळीच्या विजेमुळे शेतकरी तो बऱ्याच काळापासून वापरत आहेत, आणि त्याची ही उपयुक्तता घरातल्या कोणत्याही स्मार्ट बल्बपेक्षा मोठी आहे असे मला वाटते.

टॅबलेटबाबतची अडचण अशी, की अनेक स्टार्टरची ॲप आतून एसएमएस पाठवतात किंवा कॉल लावतात. केवळ वायफाय असलेल्या टॅबलेटवर असे ॲप उघडते, बटणही दाबले जाते, पण आज्ञा जात नाही. म्हणून सिमकार्डचा टॅबलेट घ्यावा किंवा इंटरनेटवरून चालणारा स्टार्टर निवडावा. कोरड्या विहिरीत मोटार चालण्यापासून आणि एक फेज गेल्यावर जळण्यापासून संरक्षण स्टार्टरमध्ये असल्याची खात्री करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोटारीवर कोणी काम करत असताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवण्याची शिस्त पाळावी, कारण घरी बसून बटण दाबणाऱ्याला विहिरीवरचा माणूस दिसत नाही.

घराच्या टाकीची एक एचपीची मोटारही थेट स्मार्ट प्लगवर लावू नये. सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि प्लगच्या आतील संपर्क चिकटून बसतात. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, बसवून घ्यावा.

१५. वयस्कर माणसांना वापरता यावा म्हणून पडदा कसा मांडावा?

पहिल्या पानावर सहापेक्षा अधिक बटणे ठेवू नयेत. बटणांवर मराठी नावे असावीत, अक्षरांचा आकार वाढवावा, आणि बटणांच्या जागा एकदा ठरल्यावर बदलू नयेत, कारण वयस्कर माणसे नाव वाचण्याऐवजी जागा लक्षात ठेवतात. भिंतीवरची मूळ बटणे कधीही काढू किंवा झाकू नयेत. बल्बऐवजी बोर्डाच्या आत स्मार्ट मॉड्यूल बसवले, तर जुने बटण आणि टॅबलेट दोन्हींनी तोच दिवा चालतो. मात्र बहुतेक मॉड्यूलना बोर्डात न्यूट्रल वायर लागते; ज्या बोर्डात सॉकेट आहे, तेथे ती बहुधा आलेलीच असते. माझ्या आईने टॅबलेटला पहिले तीन महिने हातही लावला नाही. पुढे एका रात्री पलंगावरून न उठता तिने माजघराचा दिवा लावला, आणि मग तो तिचा झाला.

१६. होम असिस्टंट म्हणजे काय, आणि ते स्वस्त टॅबलेटवरच बसवता येते का?

होम असिस्टंट ही पाउलुस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली मुक्त स्रोत प्रणाली आहे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे ती एका ठिकाणी आणते आणि पुष्कळ उपकरणे इंटरनेटशिवाय, घरातल्या घरात चालवते. ती टॅबलेटवर बसवायची नसते. रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर किंवा पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ती चोवीस तास चालते आणि टॅबलेटवर तिचे ॲप घेऊन फक्त बटणांचे पान दाखवायचे असते. रास्पबेरी पायवर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरावी आणि बॅकअप दुसरीकडे ठेवावा, कारण सतत लिहिण्याने कार्डे लवकर खराब होतात. चार-पाच उपकरणांच्या घराला एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

१७. घरी असताना होम असिस्टंट उघडते, पण पुण्याला गेल्यावर उघडत नाही.

अनेक इंटरनेट कंपन्या इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी ॲड्रेस) शेकडो ग्राहकांमध्ये वाटून देतात, त्यामुळे बाहेरून आपल्या राउटरपर्यंत थेट वाट राहत नाही आणि राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडूनही उपयोग होत नाही. होम असिस्टंटची नाबू कासा ही सशुल्क सेवा किंवा टेलस्केलसारखे खाजगी जाळे वापरावे. गूगल होम, अलेक्सा आणि स्मार्ट लाइफ यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांच्या आज्ञा कंपनीच्या सर्व्हरमार्फत जातात.

१८. फाटकावरचा कॅमेरा टॅबलेटवर कायम दिसावा असे वाटते, पण चित्र अडकते.

कॅमेरा सहसा चित्राचे दोन प्रवाह (स्ट्रीम) देतो, एक पूर्ण तपशिलाचा आणि एक हलका. टॅबलेटवर हलका प्रवाह निवडावा. आठ इंची पडद्यावर फरक जाणवत नाही. चार कॅमेरे एकदम दाखवण्याचा आग्रह दोन-तीन जीबीच्या टॅबलेटकडे धरू नये. कॅमेरा लावताना समोरच्या घराचे दार किंवा खिडकी चौकटीत येत नाही ना, हेही पाहावे. त्यावरून गल्लीत आलेले वितुष्ट मी पाहिले आहे.

१९. टॅबलेटवर माझे नेहमीचे गूगल खाते घातले तर काही धोका आहे का?

आहे. भिंतीवरचा टॅबलेट पाहुणे, कामाला येणाऱ्या मावशी, मुलांचे मित्र असे सर्वजण हाताळतात, आणि आपल्या खात्याबरोबर ईमेल आणि फोटोही त्यावर येतात. घराच्या नावाने वेगळे खाते काढावे आणि गूगल होममध्ये त्याला सदस्य म्हणून घ्यावे. त्या टॅबलेटवर बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप ठेवू नये, खरेदीसाठी पासवर्ड सक्तीचा करावा, आणि दाराचे कुलूप उघडण्याचे बटण पहिल्या पानावर देऊ नये. सुरक्षा अद्यतने बंद झालेला जुना टॅबलेट राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर ठेवणे बरे, पण तेथून घरातील उपकरणे थेट दिसत नसल्यामुळे तो गूगल होमपुरताच उपयोगी पडतो. होम असिस्टंटला तो मार्ग चालत नाही.

२०. जुना घेतलेला टॅबलेट पहिल्या मालकाचा पासवर्ड मागतो. मुलीला परीक्षेच्या तयारीसाठी संस्थेकडून मिळालेल्या टॅबलेटवरही काही बसवता येत नाही.

पहिल्या प्रकारात अँड्रॉइड ५.१ पासून असलेले चोरीविरोधी कुलूप काम करत असते. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केलेला टॅबलेट जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो मूळ मालकाकडूनच उघडून घ्यावा. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी टॅबलेट आपल्यासमोर सुरू करून पाहावा. दुसऱ्या प्रकारात संस्थेने नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवलेले असू शकते. अभ्यासक्रम संपल्यावर ते काढून देण्याची विनंती संस्थेकडेच करावी. बाजारात कोणाकडून ते तोडून घेऊ नये.

२१. पुराच्या वेळी या सगळ्याचे काय करायचे?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. आपल्या भागात पाणी कोणत्या पातळीला शिरते हे ठाऊक असेल, तर त्याच्या बरेच आधी टॅबलेट आणि राउटर काढून सोबत घ्यावेत. घर सोडताना मेन स्विच हातानेच बंद करावा. स्मार्ट प्लग ॲपवरून बंद केल्याने वीज तुटत नाही, कारण त्यातील रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, सहसा एकच वायर तोडतो आणि सॉकेटपर्यंत वीज आलेलीच असते.

पूर ओसरताना घडू शकणारी एक चूक त्याहून गंभीर आहे. मेन स्विच आणि राउटर सुरूच राहिले असतील, तर मिरजेला किंवा साताऱ्याला नातेवाइकांकडे गेलेला माणूस, घराचे काय झाले हे पाहण्यासाठी तेथूनच ॲप उघडतो आणि कॅमेऱ्याचा किंवा दिव्याचा प्लग सुरू करतो. त्याच वेळी शेजारी किंवा स्वच्छतेला आलेली माणसे ओल्या घरात उभी असू शकतात. म्हणून बाहेर पडताना घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमधून त्या प्लगची वेळापत्रके बंद करावीत, आणि बोर्ड पूर्ण वाळून वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच कोणालाही लावू देऊ नये.